घंटीवाली पोट्टी अन् वहिनीचा फोन

हे मी कोणालेच सांगतलं नाही. दादाले नाही, मायले नाही, ज्या मैत्रिणीले मी नको नको ते सांगत बसते तिलेही नाही. एकदा विहाराच्या मागं एकटीच उभी राहून मोठ्यानं म्हणून पाह्यलं होतं. अर्ध्यातच गप्प झाली. ऐकणारं कोणी नाही, आवाज आपलाच — तरी जीभ वळेना. आता तुमी भेटले. तुमी मले वळखत नाही, अन् मी तुमाले. बसा जरा.

घरच्या बोलीतच सांगते हं. शुद्ध मराठीत सांगायले बसली की मले भराभर बहाणे सुचतात. एकदा तशी सुरुवात केली होती — ‘परिस्थितीच अशी होती की’ — अन् स्वतःचीच लाज वाटली. परिस्थिती कायची? दुपार होती, थंडीचे दिवस होते, पोट भरलेलं होतं. परिस्थिती चांगलीच होती.

आमचं घर रिसोडात. तवा घरात आमी चौघं. दादा, माहा मोठा भाऊ, एसटीवर डायव्हर. गाडी चालवतानी त्याचा फोन बॅगेत बंद. माय दुपारी जेवून जी झोपे ते चहाच्या येळेलेच उठे. मी बी.ए. करून परीक्षेचा अभ्यास करून राह्यली होती, म्हंजे सगळ्याइले तसं सांगत होती. अन् चौथी वहिनी. सुजाता वहिनी, किन्हीराजा गावची. लग्नाले वर्ष झालं होतं नुकतंच. माह्याहून जराशीच मोठी, तरी मले रोशनीताई म्हणे, कारण नणंदेले ताई म्हणा लागते. मी म्हणो, ‘अवं वहिनी, ताई नका म्हणू, मले म्हातारी झाल्यावानी वाटते.’ मंग ती मुद्दाम लांबवून म्हणे — रोशनीताऽऽई. अन् हसे. तिचं हसणं असं होतं की आवाज येत नसे, नुसते खांदे हालत.

गेम तिच्या फोनवर होता. तिच्या भावानं, मिलिंदनं, लग्नात तो फोन दिला होता तिले — आईचा आवाज जवळ राहावा म्हणून. घरात धड चालणारा तेवढाच एक. माह्या फोनची काच फुटलेली, त्यात गेम चालू केला की चुलीवर ठेवल्यावानी तापे. तं गेम वहिनीच्या फोनवर, इंग्रजी माही, अन् खेळणं दोघीचं. मी वाचून आपल्या भाषेत सांगो, ती बोट फिरवे.

कसा होता म्हणून सांगू? एक देश असते. अख्खा पाण्याखाली गेलेला. घरं पाण्यात, कमानी पाण्यात, झाडाइचे शेंडे तेवढे वर. त्या पाण्यावरच्या जुन्या दगडी वाटेनं एक टोळी चालत जाते, हरवलेल्या राणीले शोधायले. मधेमधे लढाई. चौकटीचौकटीचं मैदान, एक चाल आपली, एक दुश्मनाची. पण यातले प्यादे बोलतात, भितात, लढाई झाली की शेकोटीपाशी आडवे होतात. अन् जो मेला तो मेला. पुढच्या शेकोटीपाशी त्याची जागा रिकामी राह्यते.

पण टोळीत एक पोट्टी असे. बारकीशी, हातात घंटी घेतलेली. तिच्या घंटीवर बोट ठेवलं की येळ माघारी जाये. सगळं निळंनिळं पडे. सुटलेला बाण उलटा फिरून धनुष्यात येऊन बसे. पाऊस खालून वर जाये. पेटलेलं छप्पर विझत विझत एका ठिणगीत मावे. अन् पडलेला माणूस उठून उभा राहे, जसं काही झालंच नाही. मंग आपण दुसरी चाल चालायची. एका लढाईत तीनदाच वाजे ती घंटी. त्याच्यानंतर तिले तडा जाये अन् ती मुकी होये.

मी घंट्या जपून ठेवो, शेवटाले कामी येतील म्हणून. वहिनी? वहिनी कोणासाठीही वाजवे. भाला घेतलेला एक म्हातारा होता, काही कामाचा नाही, दोन पावलं चालला की दम लागे त्याले. तो पडला की हिची घंटी. ‘वहिनी, अवं कायले वाया घालता? तो म्हातारा तसाही जाणारच आहे.’ तं म्हणे, ‘जाऊ दे कसं म्हणू? वाजते न अजून घंटी?’ तिनं सगळ्याइले नावं ठेवली होती. म्हाताऱ्याले ती मामा म्हणे. त्या घंटीवाल्या पोट्टीले नाव दिलं नव्हतं. तिले नुसतं ‘बाई’ म्हणे. कधीकधी लढाई संपली तरी ती पुढं जाऊ देत नसे मले. टोळी शेकोटीपाशी झोपलेली राहे, मागं पाण्याचा आवाज, अन् वहिनी नुसती पाहत बसे. ‘झोपू दे त्याइले जरा. थकले बिचारे.’

त्या दुपारा मले अजूनही झोपेत दिसतात. वरची टिनाची खोली. टिनाले छिद्रं होती, त्यातून ऊन खाली पडे — गोधडीवर, वहिनीच्या पायावर, फोनच्या काचेवर. लांब कुठंतरी सोयाबीनच्या गाड्या मार्केटाकडं जात, त्याचा घुमल्यावानी आवाज. त्या आवाजात अन् गेममधल्या पाण्याच्या आवाजात मले फरक कळत नसे. कधी डोळा लागे, कधी जाग येई, अन् दोन्हीकडं वहिनीचं बोट त्या चौकटीवरून फिरतच असे. मले वाटे, आमी दोघीच त्या बुडालेल्या देशात राह्यतो, अन् खाली घरात माय झोपली आहे ते सपन आहे. एवढं सुख मले आधी कधी झालं नव्हतं. खरं सांगते. अन् म्हणूनच मी ते कोणाले वाटून द्यायले तयार नव्हती.

आता फोनचं सांगते. गेम चालू असतानी फोन आला की सगळं बिघडे. उचलला की गेम बंद पडे अन् लढाई पहिल्यापासून. म्हणून आमी विमान लावत होतो. वर ते विमानाचं चित्र राह्यते न, ते दाबलं की ना फोन येत ना जाहिरात. पण वहिनीचा एक नियम होता. आधी आईचा फोन, मंग विमान.

तिची आई किन्हीराजाले राहे, मिलिंदपाशी. जेवणाच्या सुट्टीत वावरातल्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर बसून ती मिस कॉल दे. साधा बटनाचा फोन, त्यात बॅलन्स जेमतेम. एक रिंग वाजवून ती ठेवून दे, मंग वहिनी इकडून लावे. कधी तिच्या हातून लवकर ठेवणं होत नसे, तं वहिनी इकडून कापे. कापला म्हंजे — समजलं, ठेव, मी करते. आमच्याकडं सगळ्याइलेच ही भाषा कळते. कोणी शिकवली नाही. फोन कापला म्हणून कोणी रागावत नाही. उलट फोन हातात धरून बसते, की आता येईन.

अन् मंग त्या मायलेकी बोलत बसत. बाप्पा, काय बोलत! बकरी व्याली, शेजारच्या सुनेनं लुगडं घेतलं, हरभऱ्याले घाटे लागले. वहिनी बोलता बोलता खिडकीपाशी जाये, माह्याकडं पाठ करे, अन् तिचा आवाज बदले. बारकी होऊन जाये ती. किन्हीराजाची होऊन जाये. मी गोधडीवर बसून राहो. मले राग ये. हो, आईचा राग ये. ज्या बाईनं मले प्रत्येक खेपेले मूठभर शेंगा ज्यादा दिल्या, तिचा. याले काय म्हणता तुमी? मी तं त्याले नाव द्यायच्याच भानगडीत पडली नाही.

त्या दिवशी आमी मोठ्या लढाईपाशी पोचलो होतो. बुडालेल्या राजवाड्याचं दार. आदल्या दिवशी आमी तिथं हरलो होतो. वहिनी म्हणे, ‘आईचा मिस कॉल येऊ दे, तवर मी चहा टाकते, मंग निवांत बसू.’ अन् खाली गेली. फोन माह्यापाशी. अन् मी — थांबली नाही. मी एकटीनंच लढाई चालू केली. पाहू तं, म्हटलं, कसं आहे. दोन घंट्या घालवल्या. एक उरली होती. अन् मामा, तो म्हातारा, दारापाशी अडकला होता, अन् मी विचार करून राह्यली होती की याले वाचवायचं का नाही.

तवा फोन वाजला. स्क्रीनवर आलं — आई.

मी कापला.

अन् लगेच विमान लावलं. अन् मंग — हे मले पक्कं आठवते — आलेल्या फोनच्या यादीतून तो फोन पुसून टाकला. वहिनी चहा घेऊन वर आली. ‘आला का वं मिस कॉल?’ मी म्हटलं, ‘नाही आला. वावरात रेंज नसन. या, विमान लावलं मी, नंतर लावजा.’ ती जराशी थबकली. तिनं फोनकडं पाह्यलं, मंग दाराकडं. मी म्हटलं, ‘मामा मरून राह्यला तिकडं!’ अन् ती पटकन येऊन बसली.

ती लढाई आमी जिंकलो. म्हंजे वहिनीनं जिंकली. शेवटची घंटी तिनं मामासाठी वाजवली. दार उघडलं, सगळं पाणी सोन्यावानी झालं, अन् वहिनीनं मले गदागदा हालवलं, ‘रोशनीताई, उघडलं! उघडलं!’ मंग आमी पुढं खेळलो, अजून पुढं. ऊन भिंतीवर चढून गेलं. खाली माय उठली, भांडे वाजले. विमान काढलं तवा दिवस कलला होता.

विमान काढल्याबरोबर फोन थरथर करायले लागला. मेसेजवर मेसेज — इतके फोन येऊन गेले म्हणून. वाचायच्या आधीच मिलिंदचा फोन आला. वहिनीनं उचलला. ऐकलं. खाली बसली. मंग तिनं फोन माह्याकडं दिला, जसं काही ते ओझं होतं अन् जरा धर म्हणून देऊन राह्यली होती.

आई गेली होती.

पुढचं मले पुरं आठवत नाही, तुकडे तुकडे आठवतात. दादाले डेपोत निरोप गेला. जीप तालुक्याच्या मालेगावहून किन्हीराजाकडं वळली तवा अंधार पडला होता. वहिनी मधल्या सीटवर, फोन दोन्ही हातात धरलेला. किन्हीराजाले अंगणात पांढऱ्या लुगड्यातल्या बाया. मी तिच्या मागं मागं, तिची पिशवी घेऊन.

अन् मिलिंद. तो रडून राह्यला नव्हता. तो सांगून राह्यला होता — जो येईन त्याले तेच ते. आई एकटीच हरभऱ्यात निंदायले गेली होती. तो मालेगावले गेला होता. दुपार कलल्यावर वावरात आला, तं आई धुऱ्यावर बसलेली. घामानं चिंब, छाती दाबून धरलेली, दुसऱ्या हातात फोन. तो म्हणे, ‘आई, मले काहून नाही लावला फोन?’ तं म्हणे — ‘सुजाले लावला होता. तिनं कापला. करतेच ती आता.’

समजलं न तुमाले? तिनं कापलं म्हणून आई वाट पाहत बसली. फोन अडकून राहू नये म्हणून तिनं दुसऱ्या कोणाले लावला नाही. मिलिंदनं जीप बोलावली, तिथूनच वहिनीले लावला तं बंद, पुन्हा लावला तं बंद. आईनं फोन मागून घेतला अन् कानाले लावला. ती रेकॉर्डवाली बाई सांगून राह्यली होती की नंबर बंद आहे. आई ऐकत राह्यली. मालेगाव यायच्या आधीच गेली.

मंग मिलिंदनं वहिनीकडं पाह्यलं. सगळ्या लोकाइसमोर म्हणे, ‘तू आईचा फोन कापला. काहून कापला, तेवढं सांग.’

वहिनी म्हणे, ‘मले फोन आलाच नाही रे. आईची शप्पथ, आलाच नाही.’

‘आईनं सांगतलं मले. मरता मरता सांगतलं. आई खोटं बोलली का?’

वहिनीनं फोन काढून दाखवला. पाह्य, आईचा फोनच नाही याच्यात. मिलिंदनं आईचा फोन आणला, तो जुना, बटनाचा. त्यात लावलेला होता न फोन. वहिनीच्या नावानं, दुपारचा. तो म्हणे, ‘तू पुसला. कापला अन् पुसला. एवढं काय काम होतं तुले, सुजा?’

अंगणात मी होती. वहिनीच्या डाव्या हाताले, तिची पिशवी छातीशी धरून. तिनं माह्याकडं पाह्यलं — मी सांगावं म्हणून, की रोशनी होती माह्यासंग, विचारा तिले, फोन आलाच नाही. ती मले साक्षीदार समजून राह्यली होती. अन् मी काय केलं? मी म्हटलं, ‘नाही आला फोन.’ बारीक आवाजात. मिलिंदनं ऐकलंही नाही. नणंद तं वहिनीचीच बाजू घेईन, असं म्हणून एका बाईनं मान फिरवली.

तुमाले वाटत असन, झालं, सांगून झालं हिचं. नाही झालं. एक गोष्ट मी अजून मागंच ठेवून राह्यली आहे. पाहा, इतकं सांगूनही मी तिच्या भवतीच फिरून राह्यली.

मिस कॉल एका रिंगचा असते.

रोजच्याले एक रिंग वाजे अन् बंद होये. लवकर ठेवणं झालं नाही तं फार तं दुसरी. त्या दिवशी फोन वाजला अन् थांबला नाही. वाजतच राह्यला. मी हातात धरून पाहत होती. स्क्रीन लकलक करून राह्यली होती — आई, आई. अन् मले कळलं. नंतर नाही, तवाच कळलं, की ही मिस कॉल देऊन नाही राह्यली. ही फोन करून राह्यली आहे. जिच्या फोनात धड बॅलन्स नसते, ती बाई कोणी उचलायची वाट पाहून राह्यली आहे. काहीतरी झालं असन. हे सगळं माह्या डोक्यात आलं, साफ आलं. अन् त्याच्याच मागं दुसरं आलं — आता वहिनी जाईन. आता ही दुपार गेली. आता घंटी गेली.

अन् मंग मी कापला. चुकून नाही. रोजचा मिस कॉल समजून नाही. तीन वर्षं मी स्वतःले हेच सांगत आली होती, की रोजचाच फोन समजली मी. खोटं आहे ते.

अन् हे ऐकून तुमी जर म्हणान, की बाई गं, गेममधे माघारी जाता येते, जिंदगीत नाही — तं नका म्हणू. मले वीट आला आहे त्याचा. मले माघारी जाता येत होतं! तेच तं सांगून राह्यली. वहिनी चहा घेऊन वर आली तवा विमान काढता येत होतं. आई धुऱ्यावर बसूनच होती तवा, फोन हातात धरून. एका बोटाचं काम होतं. त्या अंगणात तोंड उघडता येत होतं. आईच्या पुण्यानुमोदनाले सगळे जमले तवा येत होतं. मंग त्या चौदा एप्रिलच्या जयंतीले येत होतं, वहिनीनं नवीन पांढरं लुगडं नेसून न्यायले येणाऱ्या भावाची वाट पाह्यली अन् तो आला नाही तवा. त्याच्या पुढच्या जयंतीलेही. माह्या घंटीले कधी तडा गेलाच नाही. मीच वाजवली नाही.

आईले वाचवता आलं असतं का? मले माहीत नाही. ते मी कोणत्या डॉक्टरले विचारलं नाही, कारण हो म्हणन तं काय करायचं हे मले सुचत नाही.

वहिनीनं गेम त्याच आठवड्यात काढून टाकला. मले म्हणे, ‘त्या दिवशी आईच्या फोनच्या आधी बसायले नको होतं आपण. माहंच चुकलं. मले मोह झाला.’ आपण म्हणे — आपण. मंग लगेच माहं. त्याच्यानंतर तिनं मले ताई म्हणणं सोडलं, नुसतं रोशनी म्हणायले लागली. रागानं नाही हो. जवळची झाली म्हणून. दुःखात तूच तं होती माह्यासंग, म्हणे.

फोन मात्र तिनं कधी बंद होऊ दिला नाही. न्हाणीत जातानी दाराबाहेर ठेवे. सयपाक करतानी खिशाचा गाऊन घाले, त्यात ठेवे. कोणाचाही फोन येवो, पहिल्या रिंगले उचले. कंपनीचा असो, चुकीचा नंबर असो. मिलिंदचा कधी आला नाही. लग्न केलं त्यानं मधे, तं आमाले दुसऱ्याकडून समजलं. त्या दिवशी वहिनीनं घरात पुरणाच्या पोळ्याइचा सयपाक केला, जसं काही आपल्याकडंच कार्य आहे, अन् जेवली नाही. दादा एकदा गेला होता त्याले समजवायले, तं मिलिंद चहा देऊन एवढंच म्हणे — ‘भाऊजी, कापला म्हणून कबूल करू द्या तिले. मंग बोलीन मी.’

अन् वहिनी म्हणे, जे केलं नाही ते कसं कबूल करू? त्याच्यावर ती अडून राह्यली. तीन वर्षं.

परवा ती सकाळी उठली अन् म्हणे, ‘मी किन्हीराजाले जाऊन येते.’ कोणाले संग घेतलं नाही. मी जीपपर्यंत सोडायले गेली. रस्त्यानं मले वाटलं, आता सांगावं. जीप भरायची होती अजून. ड्रायव्हर पानठेल्यावर उभा होता. येळ होता. मी म्हटलं, ‘वहिनी —’ तिनं पाह्यलं. मी म्हटलं, ‘पाणी घेतलं का?’ म्हणे, घेतलं.

काल सांजच्याले वापस आली. पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन. तिचा चेहरा मले वळखूच नाही आला पहिल्यांदा. इतका हलका होता. आल्या आल्या गंजात पाणी ओतलं, शेंगा घातल्या, मीठ घातलं, गॅसवर ठेवल्या, अन् ओट्यापाशीच उभी राहून मले सांगायले लागली. मिलिंदले पोट्टी झाली. नाक अगदी आईचं. त्यानं पहिले तं तोंड फिरवलं. मंग हिनं काय केलं — ‘मी म्हटलं त्याले, हो रे बाबा, मीच कापला होता फोन. कामात होती. अन् भेवानं पुसला. चुकलं माहं, मले माफ कर.’

मी म्हटलं, ‘वहिनी, पण तुमी तं —’

‘नव्हता कापला,’ ती म्हणे. ‘मले माहीत आहे न. फोनचंच काहीतरी झालं असन, आता कोण पाह्यते? पण मी खरं धरून बसली तं मले भाऊ भेटन का? एवढंसं खोटं बोलली, रोशनी. आई माफ करन मले त्याच्यासाठी.’ अन् हसायले लागली. खांदे हालले तिचे. तीन वर्षानं. ‘लहान पोट्ट्यावानी रडला वं तो. सोडतच नव्हता मले.’

मी म्हटलं, ‘बरं झालं वहिनी.’

शेंगा उकडल्या. तिनं परात मधे ठेवली, वाफ निघत होती. म्हणे, ‘खा गरम गरम. आईच्या वावरातल्या आहेत.’ माहे हात हालत नव्हते, ते तिले वाटलं चटके लागून राह्यले म्हणून. मंग ती स्वतःच सोलून दाणे माह्या हातावर ठेवायले लागली. ती सोलत गेली, अन् मी खात गेली.